हेवी मेटल कार्यक्रमातील गैरव्यवस्थेबाबत दुसरे तक्रार पत्र

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
कार्यक्रम आयोजन व ग्राहक सेवा विभाग

विषय: क्लबमधील हेवी मेटल कार्यक्रमातील ध्वनियोजना, अडवलेला बाहेर पडण्याचा मार्ग व अर्धवट राहिलेले सादरीकरण यांबाबत

महोदय,

आपल्या कंपनीने गेल्या महिन्यात एका छोट्या क्लबमध्ये आयोजित केलेल्या हेवी मेटल कार्यक्रमाविषयी मी केलेल्या तक्रारीला आपल्या विभागाचे उत्तर मिळाले. अशा संगीताच्या कार्यक्रमात मोठा आवाज आणि गर्दी अपेक्षितच असते, त्यामुळे त्या कारणांसाठी तिकिटाचे पैसे परत करता येत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. मी ज्यांची तक्रार केलीच नव्हती अशा गोष्टींचे उत्तर आपण दिले आणि ज्यांची केली होती त्यांविषयी एक शब्दही लिहिला नाही, म्हणून हे दुसरे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी हे संगीत अनेक वर्षे ऐकते आहे आणि मोठ्या मैदानापेक्षा छोट्या क्लबमध्ये ऐकणे मला अधिक आवडते. ड्रमरचे पाय दिसावेत, रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा वाजणारी धून, छातीवर आदळावी, गायक हाताच्या अंतरावर असावा, यासाठीच लोक अशा ठिकाणी येतात. आवाज मोठा असणार, घाम येणार, धक्के लागणार, हे तिकीट घेताना ठाऊक असते आणि हवेही असते. माझी तक्रार आयोजकाने करावयाच्या कामाविषयी आहे, आणि ते काम कोणत्याही प्रकारच्या संगीतासाठी करावेच लागते.

आधी ध्वनीविषयी. मुख्य बँडच्या पहिल्या गाण्यापासून दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या डबल बेस ड्रमचे ठोके वेगवेगळे ऐकू न येता त्यांची एक सलग घरघर होत होती, गिटारचा सोलो सुरू झाला आहे हे वादकाच्या बोटांकडे पाहूनच कळत होते, आणि गायकाचा आवाज झांजांच्या कल्लोळाखाली बुडालेला होता. खालच्या पट्टीत जुळवलेल्या गिटार, बेस गिटार आणि बेस ड्रम हे तिन्ही एकाच नीच कंप्रतेच्या पट्ट्यात गर्दी करतात. गिटारचे नीच स्वर थोडे कमी करून बाकीच्या दोघांना जागा करून दिली नाही, तर काहीच ऐकू येत नाही, आणि मग प्रत्येक गोष्ट वाढवत नेली जाते. छोट्या खोलीत समांतर भिंतींमध्ये नीच स्वर घुमत राहतात, कोपऱ्यात ठेवलेले सबवूफर, म्हणजे नीच स्वरांचे स्पीकर, त्यात भर घालतात, आणि ड्रमसेटचा स्वतःचा आवाजच इतका असतो की तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो. यावरचे उपायही या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहेत: रंगमंचावरील अँपचा (वाद्यांचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रांचा) आवाज उतरवणे, त्यांची दिशा बदलणे, सबवूफरची जागा तपासणे, आणि खोली माणसांनी भरल्यावर सगळे पुन्हा जुळवणे, कारण रिकाम्या खोलीतील साउंड चेक भरलेल्या खोलीत तसाच लागू पडत नाही. येथे मिक्सिंगचे टेबल गॅलरीखालच्या खाचेत, बारच्या बाजूला होते. तेथे बसलेल्या माणसाला श्रोत्यांना ऐकू येते ते ऐकू येणे शक्यच नव्हते. शिवाय तोच माणूस दिवेही सांभाळत होता. त्याला मी दोष देत नाही. दोन माणसांचे काम एकाला देणाऱ्यांना देते.

आवाजाच्या पातळीचा आकडा मी सांगत नाही, कारण मोबाइलवरील मापक अशा ठिकाणी भरवशाचे नसते. तो आकडा आपल्याकडे असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सुरक्षित श्रवणाची मानके प्रसिद्ध केली असून त्यांत सरासरी पातळी 100 डेसिबलपेक्षा जास्त नसावी, ती प्रमाणित उपकरणाने सतत मोजावी, श्रोत्यांना इअरप्लग उपलब्ध करून द्यावेत आणि कानांना विश्रांती देणारी शांत जागा असावी, असे सुचवले आहे. कानाला सहन होणाऱ्या मर्यादेचे जे गणित सर्रास वापरले जाते, त्यानुसार 85 डेसिबलला आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. मी स्वतःचे इअरप्लग नेहमीच घालते. पण प्रवेशद्वाराशी ज्या मुलांनी ते मागितले, त्यांना 'असे काही ठेवत नाही' असे सांगण्यात आले, आणि मोकळ्या हवेत जाऊन आलेल्यांना पुन्हा आत घेतले गेले नाही. कानांना विश्रांती द्यायची असेल तर तिकीट गमवा, असाच याचा अर्थ होतो.

आता त्या गोष्टीविषयी, जिचा आपल्या उत्तरात उल्लेखही नाही आणि जी मला सर्वांत गंभीर वाटते. रंगमंचाच्या डाव्या बाजूला बाहेर पडण्याचे दार आहे. त्या दारासमोर ड्रम आणि अँपच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि दारावरची प्रकाशित पाटी बँडच्या कापडी फलकाने झाकली होती. धुराचे यंत्र सुरू झाल्यावर तर ती बाजूच दिसेनाशी झाली. मी सुरक्षारक्षकाला हे दाखवले, तेव्हा त्याने सर्वांनी पुढच्याच दाराने जायचे आहे असे सांगितले. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

पुढच्याच दाराने जायचे, हे वाक्य या व्यवसायातील माणसाला तरी साधे वाटू नये. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, वेस्ट वॉरविक येथील द स्टेशन या क्लबमध्ये रंगमंचावरील आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला. बहुतेक लोक ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले, तेथे अडकले, आणि 100 जणांचा जीव गेला. 30 ऑक्टोबर 2015 रोजी रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमधील कोलेक्टिव्ह क्लबमध्ये एका मेटल बँडच्याच कार्यक्रमात ध्वनिशोषक फोमला अशीच आग लागली. 64 जण दगावले, आणि लोक रस्त्यावर उतरल्याने तेथील सरकारला पायउतार व्हावे लागले. आपल्या कार्यक्रमात आतषबाजी नव्हती, हे मला मान्य आहे. पण भिंतींवर फोम होता, छताजवळ विजेच्या तारा लोंबत होत्या, आणि हात वर करता येऊ नये इतकी माणसे आत होती. तो फोम अग्निरोधक असल्याचा दाखला आपल्याकडे असल्यास त्याची प्रत मिळावी.

गर्दीमुळे आणखी एक प्रकार घडला. मॉश पिट, म्हणजे एकमेकांना धक्के देत नाचणाऱ्या श्रोत्यांचा घोळका, खांबाला खेटून तयार झाला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पिटमध्ये कोणी पडले की आजूबाजूच्यांनी थांबून त्याला उचलायचे, हा तेथला अलिखित पण काटेकोर नियम आहे, आणि बाहेरून हाणामारी वाटणारा प्रकार त्यामुळेच सहसा सुखरूप पार पडतो. त्या रात्री पडलेल्या एका मुलीला उचलणाऱ्या तरुणालाच सुरक्षारक्षकांनी मारामारी करतो म्हणून ओढत बाहेर काढले. ज्यांना पिट म्हणजे काय हे सांगितलेलेच नाही, अशा माणसांना त्याच्या काठावर उभे करणे धोक्याचे आहे.

मुख्य बँड जाहीर वेळेपेक्षा पुष्कळ उशिरा रंगमंचावर आला आणि त्यानंतर तेथे नृत्याचा दुसरा कार्यक्रम असल्याने गाणे सुरू असतानाच दिवे लावून त्याला थांबवण्यात आले. उशीर बँडमुळे नव्हता, दारे उशिरा उघडल्यामुळे होता. तिकिटावर पूर्ण सादरीकरणाचे आश्वासन आहे. ते पाळले गेले नाही, एवढे पुरे.

या सर्वांचा विचार करून तिकिटाची निम्मी रक्कम परत मिळावी, अशी माझी मागणी आहे. पूर्ण रक्कम मी मागत नाही, कारण दोन्ही सहायक बँड चांगले वाजले आणि त्यांचा त्यात काही दोष नाही. त्याहून अधिक आग्रह मात्र पुढील माहितीसाठी आहे: त्या सभागृहाची परवानगी असलेली क्षमता किती, त्या रात्री किती तिकिटे विकली गेली, ध्वनिपातळीची नोंद घेतली होती का, आणि डाव्या बाजूचे दार मोकळे ठेवण्याची जबाबदारी कोणाची होती. ही माहिती पंधरा दिवसांत लेखी मिळावी. ती न मिळाल्यास जोडलेल्या छायाचित्रांसह ही तक्रार मी अग्निसुरक्षा विभागाकडे आणि ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे पाठवीन. त्याच क्लबमध्ये आपल्या पुढच्या कार्यक्रमाची तिकीटविक्री सुरू झालेली असल्याने, दारासमोरच्या पेट्या हलवण्यासाठी मात्र पंधरा दिवस थांबू नये.

आपली विश्वासू,
एक तिकीटधारक

सोबत: तिकिटाची प्रत, आपल्या पहिल्या उत्तराची प्रत, दाराची छायाचित्रे