बरणीतले फॉर्मलीन आणि रिपोर्टमधले 'निगेटिव्ह'

महोदय,

ऑक्टोबर हा स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना. तो आला की गाठ कशी चाचपावी, मॅमोग्राफी कधी करावी यावर भरभरून छापून येते. पण गाठीचा तुकडा तपासल्यावर हातात पडणारा दोन-तीन पानी रिपोर्ट कसा वाचायचा, यावर सहसा कोणी लिहीत नाही. मग घरातले कोणी त्यात 'ग्रेड 3' वाचते आणि 'थर्ड स्टेज' म्हणून रडारड सुरू होते.

ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव. त्या नलिका कितपत तयार करतात, त्यांची केंद्रके किती वेडीवाकडी आहेत आणि विभाजन किती जोरात चालले आहे, या तिन्हींना 1 ते 3 गुण देतात. बेरीज 3 ते 5 आली तर ग्रेड 1, 6-7 आली तर ग्रेड 2, आणि 8-9 आली तर ग्रेड 3. आजार कुठवर गेला ते स्टेज सांगते. दीड सेंटिमीटरची आणि काखेत न पोचलेली गाठ ग्रेड 3 असली, तरी आजार पहिल्या स्टेजचा असू शकतो.

दुसरा घोटाळा 'निगेटिव्ह' या शब्दाचा. कडा निगेटिव्ह, म्हणजे नमुन्याच्या कापलेल्या कडेला खुणेसाठी लावलेल्या शाईवर कॅन्सर नाही, हे चांगले. काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) '0/14', म्हणजे चौदा तपासल्या आणि एकीतही कॅन्सर नाही, हेही चांगले. पण ईआर-पीआर, म्हणजे पेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, निगेटिव्ह ही आनंदाची बातमी नव्हे. त्याचा अर्थ पाच-दहा वर्षे घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही. तपासणीच्या रंगाने कॅन्सरच्या एक टक्का पेशी जरी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात. 1 ते 10 टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असे वेगळे लिहितात. म्हणून नुसते 'निगेटिव्ह' लिहिलेले पुरत नाही, टक्केवारी हवी.

आणि हे निगेटिव्ह कधी कधी खोटे असते. दोष बहुधा बरणीचा असतो. काढलेला नमुना तासाभरात 10 टक्के बफर्ड फॉर्मलीनमध्ये (नमुना नासू न देणाऱ्या द्रवात) पडायला हवा, द्रव नमुन्याच्या सुमारे दहापट हवा आणि नमुना त्यात किमान 6 व जास्तीत जास्त 72 तास राहायला हवा. प्रत्यक्षात अख्खा स्तन अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला असतो, वर चार बोटे फॉर्मलीन. कधी तर सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून शनिवारी दुपारी निघालेला नमुना सोमवारी पोचतो. फॉर्मलीन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. बाहेरून मांस कडक, करडे झालेले दिसते, पण मधली गाठ तोवर नासू लागलेली असते. ईआर-पीआर आधी जातात ते तिथेच. मोठ्या नमुन्याला कडा ओळखता येतील अशा बेताने काप द्यावा लागतो. थिएटरात ते जमत नसेल तर नमुना लगेच लॅबमध्ये धाडावा. सुईने काढलेला कोअर बायोप्सीचा तुकडा बारीक असल्याने फॉर्मलीन त्यात चटकन भिनते, म्हणून ईआर-पीआर त्यावरच करून घेतलेले बरे.

निगेटिव्ह आल्यास डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: त्याच काचेवरच्या निरोगी नलिका रंगल्या होत्या का? त्याही कोऱ्या असतील तर त्या 'निगेटिव्ह'वर विसंबता येत नाही. ग्रेड 1 ची गाठ आणि ईआर शून्य असे जोडीने आले तरी शंका घ्यावी आणि दुसऱ्या तुकड्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी.

हर-टू हे पेशींवरचे, त्यांची वाढ चालवणारे एक प्रथिन. रिपोर्टमध्ये त्याच्या पुढे 0, 1+, 2+ किंवा 3+ असते. 3+ पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे निकाल लागलेला नाही. मग हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करावीच लागते. तिला वेगळे पैसे पडतात म्हणून ती राहून जाते आणि हर-टूवरचे औषध मिळू शकणारी बाई त्याला मुकते.

सर्जन मंडळींनाही एक विनंती. नमुन्याला दोरे बांधा: आखूड वरच्या बाजूला, लांब काखेकडे. दोरे नसतील तर कड पॉझिटिव्ह आहे एवढेच आम्ही सांगू शकतो, कोणती ते नाही.

शेवटचे म्हणजे ब्लॉक. मेणात बसवलेला तो तुकडा आगपेटीएवढाही नसतो, पण पुढची प्रत्येक तपासणी त्याच्यावरच होते. मुंबईला टाटामध्ये दाखवायला निघालात तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडे लेखी मागा, आणि प्रत्येकावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून मगच सही करा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ पडते.

— एक पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर