हायड्राच्या धक्क्यावरून

हायड्रा, ग्रीस
१४ सप्टेंबर

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

बोटीच्या पिछाडीला बसून लिहितोय. समोर धक्क्यावर खेचरांची रांग उभी आहे. कुणाच्या पाठीवर सिमेंटच्या गोण्या, तर कुणाच्या पाठीवर पाहुण्यांच्या बॅगा. माथेरानसारखी या बेटावरही मोटारींना बंदी आहे, त्यामुळे बंदरात एवढी गर्दी असूनही खुरांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मला तो फार आवडला.

जुन्या सहकाऱ्याची ३८ फुटी शिडाची बोट आहे, आम्ही चौघं. दुपारनंतर जागा मिळत नाही म्हणून काल जवळच्या पोरोस बेटावरून पहाटेच निघालो. बंदर घोड्याच्या नालाच्या आकाराचं आणि अगदी लहान. बोट धक्क्याला आडवी लावायला जागाच नाही. मध्यावर नांगर सोडायचा, साखळी देत देत उलटं मागे यायचं आणि पिछाडीचे दोर धक्क्याला बांधायचे. समोरच्या बाजूच्या बोटीही हेच करतात, त्यामुळे तळाशी साखळ्यांवर साखळ्या पडतात. धक्का भरला की पुढचे लोक आधीच्या बोटींनाच बोट बांधतात. काल आमच्यापुढे आणखी दोन ओळी होत्या. रात्री ती मंडळी चपला हातात घेऊन, हळू आवाजात 'कालिनिख्ता' (शुभ रात्री) म्हणत आमच्या बोटीवरून आपापल्या बोटीवर गेली. अथेन्सच्या पिरेअस बंदराहून फेरीबोट आली की सगळ्या बोटी एकदम हलतात, म्हणून पिछाडी दगडापासून चांगली लांब ठेवावी लागते.

आज सकाळी व्हायचं तेच झालं. पुढच्या ओळीतल्या बोटीने नांगर उचलला आणि त्यावर आमची साखळी लोंबकळत वर आली. आमचा एकजण ओरडायला लागला. मला मात्र तुझे बाबा आठवले. मालवणात दोन होड्यांचे दोर अडकले की ते एवढंच म्हणायचे, "आधी बघ, वर कोणाचो दोर आसा." शेजारच्या बोटीवरचे एक म्हातारे ग्रीक तांडेल नेमके तसेच शांत होते. त्यांनी हाताने थांबायची खूण केली, मग आमच्या साखळीखालून एक दोर ओवून त्याची दोन्ही टोकं त्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बांधायला लावली. आमच्या साखळीचा भार दोरावर आला. त्या लोकांनी आपला नांगर थोडा खाली सोडला, तो सुटला, आणि मग दोराचं एक टोक मोकळं करताच आमची साखळी पाण्यात गेली. जेमतेम दहा मिनिटं. आमचा नांगर मात्र सरकला होता, तो पुन्हा टाकायला तासभर गेला.

दुपारी वर चढून जुन्या कप्तानांची करड्या दगडाची घरं पाहिली. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून धान्य पोचवत हे लोक श्रीमंत झाले आणि १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी तीच जहाजं लढाईत उतरवली. त्यांचा नौदलप्रमुख आंद्रेआस मियाउलिस. त्याचं हृदय इथल्या संग्रहालयात एका कुपीत जपून ठेवलंय. मी तिथे बराच वेळ उभा होतो, आणि कान्होजी आंग्र्यांची अलिबागची समाधी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

उद्या उजाडताच आम्ही निघू. हे पत्र बाबांना वाचून दाखव, आणि अडकलेला दोर ते सोडवायचे ती गाठ कोणती, हे विचारून मला कळव. म्हाताऱ्या तांडेलांनी मारायला लावलेली मला तीच वाटली.

तुझा,
अन्या