मामा, त्या दुधाचे पैसे अजून द्यायचेत

तीर्थरूप मामा,
शि. सा. नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही एक शेलकी शिवी हासडली असती आणि "त्ये ऱ्हाऊ दे, गुडघा कसा हाय तुझा?" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. तुमच्या फोनवर फक्त फोन येतात, तेव्हा हे नातीला वाचायला लावा. तिला म्हणावं सावकाश वाच, आजोबांना मध्येच थांबवून भांडायची सवय आहे.

यंदा कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला तरी गांधी मैदानाच्या कडेला तुमची एम-एटी गाडी दिसेना. पोरं म्हणाली, मामांना आता जिना उतरवत नाही. ऐकून बराच वेळ तिथंच उभा राहिलो. पस्तीस वर्षं तुम्ही शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहिलात आणि तिथनं सुटलं की इथं. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की पहाटे, नाईट असली तर झोप न काढता तसेच मैदानावर. गुडघे जाणार नाहीत तर काय होईल?

तालमीच्या, म्हणजे आपल्या पेठेच्या फुटबॉल संघाच्या, कागदावर तुमच्या नावापुढं 'संघ व्यवस्थापक' असं लिहिलेलं असायचं. म्हणजे काय, तर पोतंभर बॉल, फक्कीची पिशवी आणि एक आरी. त्या आरीचं आधी लिहितो, कारण मला तुम्ही पहिल्यांदा त्या आरीमुळं दिसलात. मी बारा वर्षांचा असेन. तालमीच्या पायरीवर बसून तुम्ही उसवलेला बॉल मांडीत धरला होता, मेण लावलेला दोरा दातात. आरी आत खुपसायची, दोरा अडकवायचा, ओढायचा. शेवटची गाठ तुम्ही बोटानं आत ढकललीत आणि वरनं अंगठा फिरवून बघितलात. मी विचारलं, आत कशाला? "भाईर ऱ्हायली तर हेड मारणाऱ्याच्या कपाळाला लागती." एवढंच बोललात. कुणाचं कपाळ ते तुम्हाला माहीत नव्हतं, तरी त्याची काळजी होती. हे मला त्या वयात कळलं असं म्हणणार नाही; मला तेव्हा फक्त आरी आवडली होती.

मग डाव्या पायाचा बुधवार. दर बुधवारी सगळ्यांच्या उजव्या पायाला तुम्ही गोणपाटाची पट्टी बांधायचात. त्या पायानं बॉलला हात जरी लागला (पायाला हात म्हणतोय, पण तुम्हाला समजलं) तरी पन्नास बैठका. बाकीचे सहा दिवस मी पेठेतला सगळ्यात भारी ड्रिबलर होतो, बॉल पायात ठेवून समोरच्याला चकवत पळणारा. बुधवारी माझं हसू व्हायचं. बॉल मारायला जायचो आणि स्वतःच चिखलात बसायचो. वाटायचं, हे मामांच्या डोक्यातलं खूळ आहे.

खूळ हैदराबादचं निघालं. सय्यद अब्दुल रहीम हे नाव मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. तुम्ही 'रहीमसाहेब' असं म्हणायचात की मला कितीतरी दिवस ते आपल्याच पेठेतले कुणीतरी वाटायचे. तुमचे वडील मुंबईत गिरणीत होते तेव्हा कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जायचे. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं तो कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला आणि त्या संघाचे गुरू रहीम. 1909 चा जन्म, पेशानं शाळामास्तर. वडिलांचं वाक्य तुम्ही आम्हाला सांगायचात: "पोलिस पळत न्हाईत, बॉल पळतो." पोरांचा दुबळा पाय सुधारावा म्हणून फक्त त्याच पायानं खेळायच्या स्पर्धा या मास्तरांनी भरवल्या. ड्रिबलिंग करायचंच नाही, असेही सामने लावले. आपल्याकडं गोणपाट तेवढं तुमचं.

भारताचे कोच म्हणून त्यांची पदकं सगळेच सांगतात. 1951 ला दिल्लीत पहिल्या एशियाडचं सुवर्ण, फायनलला इराणवर 1-0. तुम्ही मात्र जास्त वेळा हेलसिंकी सांगायचात. 1952 चं ऑलिंपिक, आपले बरेच खेळाडू अनवाणी, समोर युगोस्लाव्हिया, आणि निकाल 10-1. आपण मॅच हरलो की दुसऱ्या दिवशी हमखास हेलसिंकी. "दहा खाल्ले मास्तरनं, दहा! आनि चार वर्सांनी त्याच ऑलिंपिकात चौथं." मेलबर्नला 1956 मध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, त्यातले तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे. हे तीन गोल तुम्ही पोत्यातले तीन बॉल मांडून दाखवायचात. एकही तुम्ही बघितलेला नव्हता, तरी तिसऱ्याला दरवेळी उठून उभं राहायचात.

आता मुद्द्याचं. 2002 चा मे. शाहू स्टेडियम, दोन्ही गॅलऱ्या खच्चून भरलेल्या, समोर ती पेठ. नाव लिहीत नाही, उगाच परत सुरू होईल. 0-0. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिलेली. उजवीकडनं तुमचा भाचा मोकळा पळत होता, हात वर करून. मी दोघांना चकवलं, तिसऱ्यालाही चकवायला गेलो आणि बॉल गेला. त्यांनी तिथनंच लांब मारला आणि आपल्या गोलात घातला. त्यानंतर आपल्याच गॅलरीतनं माझ्या नावानं जे काही आलं ते नातीला वाचायला लावत नाही.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी सांजच्याला तुम्ही आलात. उंबऱ्यावरच बसलात, आईनं टाकलेला चहा बशीत ओतून प्यायलात, आणि म्हणालात, "चल, दूध पिऊन येऊ." गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. समोर धार काढून त्यानं दोन ग्लास भरले, वर बोटभर फेस. तुम्ही मॅचचं अवाक्षर काढलं नाहीत. माझा अर्धा ग्लास झाला तेव्हा, जणू हवापाण्याचं बोलावं तसं:

"उद्यापास्नं स्टॉपर खेळायचं."

मामा, पुढं गोल मारणाऱ्या फॉरवर्डला मागं बचावात स्टॉपरला आणणं म्हणजे आपल्या पेठेत नाक कापल्यासारखं. माझे डोळे भरले, आणि ते तुम्ही बघितलंत. समजूत घालायच्या ऐवजी तुम्ही मला जकार्ताला घेऊन गेलात. 1962 चं एशियाड. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून 2-0 हार. पुढं डिफेन्सचा खांब जर्नेलसिंग डोक्याला लागून टाके पडलेला. मागं हेडिंग करत उभा राहू शकत नाही. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवला नाही. सेमीफायनलला फॉरवर्डला घातला. त्यानं दक्षिण व्हिएतनामला गोल मारला, आपण 3-2 जिंकलो. 4 सप्टेंबरला फायनल, परत तोच कोरिया. आणि स्टेडियममधलं लाखभर पब्लिक आपल्या विरोधात. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही म्हणून एशियाडच्या संघटनेतले आपले गुरुदत्त सोंधी विरोधात बोलले होते, त्याचा राग खेळाडूंवर. राष्ट्रगीतालासुद्धा हुर्यो. 17व्या मिनिटाला पीके बॅनर्जी, 20व्या मिनिटाला जर्नेल. 2-1. सुवर्ण.

मी म्हटलं, "मामा, त्याला मागनं पुढं नेलं. मला तुम्ही पुढनं मागं ढकलताय."

तुम्ही मिशीवरचा फेस पुसलात. "त्याला इचारलं न्हवतं. तुलाबी इचारत न्हाई."

दुधाचे पैसे तुम्ही दिलेत. माझ्या खिशात नव्हतेच.

आणि त्यानंतर मी जे केलं ते आज सगळ्यांसमोर कबूल करतो. कट्ट्यावर बसून सांगत सुटलो की मामांनी भाच्याला फॉरवर्डला घ्यायला माझा काटा काढला. पेठेत असली गोष्ट पोचायला रात्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तुम्ही सगळ्यांना आपापली पट्टी बांधायला सांगितलीत आणि माझ्या पायाशी स्वतः वाकलात. वर बघितलंत, गाठ आवळलीत, पुढं गेलात. ऐकलं होतंत हे मला त्या गाठीवरनंच कळलं. तरी मी माफी मागितली नाही. दोन वर्षं घुश्शात खेळलो. घुश्शात का होईना, खेळलो.

स्टॉपरला उभं राहिल्यावर एक गोष्ट झाली. पुढं असताना मला बॉल आणि गोल एवढंच दिसायचं. मागनं आपल्या संघाच्या पाठी दिसायला लागल्या. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कुणाचा मोजा खाली आलाय. ओरडून नावं घ्यावी लागायची. वर्षभरात मी जेवढी नावं घेतली तेवढी आधीच्या पाच वर्षांत घेतली नसतील. पुढच्या सीझनला त्याच पेठेविरुद्ध सेमीफायनल; बॉल माझ्या डाव्या पायावर पडला आणि वळायला वेळ नव्हता. डाव्यानंच लांब उचलला. भाच्यानं छातीवर घेतला आणि गोल. तुम्ही लाइनीजवळ चपलांवर बसला होता, तसेच बसून राहिलात. मॅच चालू असताना तुम्ही कधी ओरडला नाहीत. आता टीव्हीवर परदेशातले मॅनेजर कडेनं उड्या मारताना बघतो, ते बघायला मजा येते, पण आम्ही सगळी पोरं मात्र एका बसलेल्या माणसाकडं बघून खेळायचो. (फायनल हरलो. दुसऱ्या दिवशी हेलसिंकी.)

त्याच जागेवर विद्यापीठाच्या संघात निवड झाली. फॉर्मचा शेवटचा दिवस मी विसरलो होतो, तुमच्या लक्षात होता. फोटो नव्हता म्हणून मिरजकर तिकटीला स्टुडिओत नेलंत, माझा शर्ट मळका म्हणून तुमचा काढून मला घातलात आणि स्वतः बनियनवर बाहेर उभं राहिलात. त्या ओळखपत्रावर मी आजही तुमच्या शर्टात आहे. कॉलर दोन बोटं मोठी आहे. त्या खेळाच्या जोरावर पुढं नोकरी लागली, घर उभं राहिलं. आईनं शेवटपर्यंत तुमच्यासाठी चहाची एक बशी वेगळी ठेवली होती, हे तुम्हाला माहीत नसेल.

2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या जर्सीत उतरला, तेव्हा अख्खी पेठ टीव्हीपुढं होती. तुम्ही म्हणालात, "डावा पाय बघा त्याचा." बाकी सगळे शिट्ट्या मारत होते.

एक तारीख मात्र तुम्ही कधी मोठ्यानं सांगितली नाहीत. जकार्ताला रहीमसाहेब गेले तेव्हाच त्यांना कॅन्सर होता. 11 जून 1963 ला ते वारले. त्यानंतर एशियाडचं फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला आजतागायत मिळालेलं नाही. आपल्याकडं 11 जूनला पाऊस लागलेला असतो, गांधी मैदानाचं तळं झालेलं असतं, सीझन संपलेला असतो. तरी त्या दिवशी तुम्ही पोतं घेऊन यायचात, गोणपाट बांधायचात आणि चिखलात डाव्या पायाची मॅच लावायचात. वार कुठलाही असो. कशासाठी ते आम्हाला विचारावं लागलं नाही, तुम्ही त्या दिवशी शिवी देत नव्हता.

आता तेरा वर्षांखालची पोरं माझ्याकडं आहेत, शनिवार-रविवार आणि बुधवार. पट्ट्या त्याच आहेत, दोन उंदरांनी खाल्ल्या. त्यातलं एक पोरगं लई गुणाचं, पण बॉल सोडत नाही. गेल्या आठवड्यात त्याला मागं खेळायला लावलं. तेव्हापासनं आलेलं नाही. त्याच्या मित्रांकडनं कळलं की सरांनी आपल्या भाच्यासाठी माझी जागा काढली, असं ते सांगत फिरतंय. मला भाचाच नाही, मामा.

उद्या संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे. तिथनं गंगावेशीला. जाताना तुमच्याकडं येतो, खालनं हाक मारीन. जिना उतरू नका, ग्लास वर घेऊन येतो. पैसे मी देणार, आणि 2002 चे पण.

तुमचा,
स्टॉपर

ता. क. : आरी माझ्याकडंच आहे. मागच्या पावसाळ्यात पोत्यात सापडली, सांगायचं राहिलं. परत मागू नका.