विषय : गिझरचे उलटे जोडलेले दोन पाइप सरळ करून देणे आणि घेतलेले पैसे परत करणे

प्रति,
सेवा विभागप्रमुख,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर मी 23 मिनिटं होते आणि शेवटी मला सांगण्यात आलं की माझी बादली मोठी आहे. म्हणून हे पत्र.

गिझर 25 लिटरचा, 2000 वॉटचा, उभा. चार वर्षं झाली, टाकीची वॉरंटी अजून शिल्लक आहे. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, नाशिकला हे काही नवीन नाही, त्यामुळे क्षार धरणारच. म्हणूनच 12 डिसेंबरला पैसे भरून तुमच्याच माणसाकडून सर्व्हिसिंग करून घेतलं. त्याने गिझर भिंतीवरून उतरवला, आतून घमेलंभर पांढरे पापुद्रे काढले, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला अॅनोड रॉड बदलला आणि गिझर परत टांगला. 11 तारखेपर्यंत एका वेळच्या पाण्यात आम्हा दोघींची अंघोळ होत होती. 13 तारखेपासून एकीचीही धड होत नाही. मधल्या दिवशी काय झालं असावं, हा प्रश्न तुमच्याकडे आजवर एकानेही स्वतःला विचारलेला नाही.

मी आठवीला विज्ञान शिकवते. शाळेचा तापमापक घरी आणला. टाकीत येणारं पाणी 19 अंश. ते 60 पर्यंत न्यायला 2000 वॉटच्या कॉइलला साधारण 36 मिनिटं लागायला हवीत. माझ्या घड्याळात 38 मिनिटांनी, पाणी तापल्यावर, गिझरचा दिवा गेला. म्हणजे कॉइल ठणठणीत, थर्मोस्टॅटही ठणठणीत. नळाखाली बादली लावली. पहिला मग 57 अंश, पाच लिटरला 49, अर्ध्या बादलीला 43, बादली भरता भरता 34. बादली 18 लिटरची आहे. हे मी फोनवरही सांगितलं होतं.

दिवा वेळेवर जातो हे सांगूनही पहिल्या फेरीत तुमच्या माणसाने कॉइल बदलली. "क्षाराने गेलेली कॉइल वॉरंटीत बसत नाही," म्हणून 1,450 रुपये घेतले. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याने थर्मोस्टॅट वाढवून ठेवला. आता पहिला मग हात भाजेल असा येतो आणि शेवटचा मग तसाच कोमट. माझी आई 78 वर्षांची आहे, तिच्या पायाला फोड आला. थर्मोस्टॅट मीच परत खाली आणला. तिसऱ्या फेरीला कोणी आलंच नाही. फोन आला, "मॅडम, ओटीपी सांगा, पार्ट मागवायचाय." मी सांगितला. पाच मिनिटांत मेसेज: तुमच्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.

त्यानंतर मी स्टुलावर चढून गिझर खालून बघितला. तिथे दोन नळ्या आहेत, एकीला निळी कडी, एकीला लाल. तुमचं उत्पादन आहे, तुम्हाला माहीतच असेल की निळी थंड पाणी आत घेण्याची. ती टाकीच्या तळाशीच संपते. लाल नळी आतून पार वरपर्यंत जाते, कारण गरम पाणी वर साठतं. आमच्या पुस्तकात याला अभिसरण म्हणतात. तुमच्या माणसाने इमारतीच्या टाकीवरून येणारा थंड पाण्याचा पाइप, सेफ्टी व्हॉल्व्हसकट, लाल कडीवर चढवलाय आणि नळाकडे जाणारा निळ्या कडीवर. म्हणजे नळ उघडला की गार पाणी वरून गरम पाण्यात ओतलं जातं आणि नळाला येतं ते तळाचं.

याचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅप नंबरवर तीनदा पाठवला. तिन्ही वेळा उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

आता आजचा फोन. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल, तरी लिहिते.

"मॅडम, गिझर चालू करता ना?"

"हो."

"किती वेळ?"

"दिवा जाईपर्यंत. 38 मिनिटं."

"थंडीत पाणी कमीच गरम होतं, मॅडम."

मी म्हटलं, अकरा डिसेंबरलाही थंडीच होती. पाइप उलटे आहेत, फोटो पाठवलाय, तो उघडून बघा. फोनवरची मुलगी म्हणाली, फोटो वेगळ्या विभागाकडे जातात. मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, "घरात कोणी साहेब आहेत का? त्यांना टेक्निकल समजेल."

साहेब नाहीत. आई आहे आणि मी आहे. मी तिला परत पहिल्यापासून सांगितलं: लाल, निळा, वर, खाली. माझी आठवी ब एवढ्यात समजली असती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मॅडम, तुमची बादली मोठी असेल. छोटी वापरून बघा."

त्या मुलीवर माझा राग नाही, तिच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते ती वाचते. ते लिहिणाऱ्याला मात्र एकदा भेटायचंय. नवा गिझर विकताना "बादली छोटी घ्यावी लागेल" असं खोक्यावर छापायला हरकत नव्हती.

काम दहा मिनिटांचं आहे. आमचा प्लंबर खाली चहाच्या टपरीवरच असतो. पण "बाहेरच्या माणसाने हात लावल्यास वॉरंटी रद्द" हे तुमच्याच कार्डावर आहे. म्हणजे तुम्ही दुरुस्त करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही. महिनाभर मी त्या दोन नळ्या नुसत्या बघत बसलेय आणि आईचं पाणी गॅसवर तापवतेय. माझ्या वडिलांनी 1998 साली तुमचाच गिझर घेतला होता, सतरा वर्षं चालला. त्या भरवशावर हा घेतला. आता शेजारी विचारतात कोणता घ्यावा, तर मी गप्प बसते.

आठ दिवसांत पाइप सरळ करून द्या. कारण नसताना बदललेल्या कॉइलचे 1,450 रुपये परत करा. समाधानकारक निवारणाची ती नोंद खोडून टाका. हे झालं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार मला नाशिकलाच करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. मे महिन्यात मला सुट्टी असते. वेळ भरपूर आहे.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता, बिल क्रमांक तुमच्याकडे आहे. तक्रार बंद करताना बरोबर सापडला होता.)

ता. क. ओटीपी काम झाल्यावर मिळेल. आणि येणाऱ्या माणसाने टेफलॉन टेप आणावी, मागच्या वेळी माझी संपवून गेला.