ब्लॅक बेल्ट बघता, पोलीस व्हेरिफिकेशन बघता का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की तुमच्या पेपरात दर दोन दिवसांनी एक फोटो असतो, पांढऱ्या ड्रेसमधली पोरं मुठी पुढे करून उभी, मागे बॅनर, मधोमध कोणीतरी पाहुणे, आणि खाली ओळ की दहा दिवसांच्या शिबिरात मुलींनी स्वसंरक्षणाचे धडे गिरवले. मी कोल्हापुरात बरीच वर्षं कराटे शिकवतो, तालमीत लाठी आणि पट्टाही शिकवतो, म्हणजे हे पत्र आमच्याच लाइनबद्दल आहे आणि ते वाचून दोन-चार दोस्त फोन करून शिव्या देणार हे मला माहितीये.

वडापावची गाडी लावायची म्हटलं तरी फूड लायसन्सवाल्यांकडे नोंदणी करावी लागते. पण दुसऱ्यांच्या पोरांना ठोसे-लाथा शिकवायच्या, त्यांना उचलून आपटायचं, त्यांच्या हातात शस्त्र द्यायचं, याला मात्र लायसन्स किंवा नोंदणी काही म्हणजे काही लागत नाही. सोसायटीचा हॉल भाड्याने घ्या, फ्लेक्स लावा, सोमवारपासून तुम्ही सेन्सेई, म्हणजे कराटेचे गुरुजी. ब्लॅक बेल्ट कुठून आणला हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी काय कळणार, कारण एकेका खेळाच्या पाच-पाच संघटना, प्रत्येकीच्या नावात इंडिया किंवा इंटरनॅशनल, प्रत्येकीची सर्टिफिकेटं रंगीत. पालकांना वाटतं सर्टिफिकेट म्हणजे सर्टिफिकेट, मग दहावीला खेळाचे वाढीव गुण किंवा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण मागायची वेळ येते तेव्हा कळतं की ही संघटना क्रीडा खात्याच्या यादीतच नाही. तोवर बेल्ट परीक्षांच्या फीमध्ये चांगले पैसे गेलेले असतात. असो, पैशाचं दुःख परत भरून निघतं.

पोरांच्या सुरक्षेचं तसं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा, त्याचे नवे नियम २०२० ला आले, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलांशी नियमित संपर्क येतो अशा संस्थांनी, शाळा, पाळणाघरं आणि स्पोर्ट्स अकॅडमी सुद्धा, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन ठरावीक काळाने करून घ्यायचं. स्पोर्ट्स अकॅडमी हा शब्द तिथे आहे हो, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही आणि समित्यांची धावपळ झाली ती बरोबरच होती, पण संध्याकाळी सहा ते आठ त्याच शाळेच्या ग्राउंडवर क्लास घेणारा माणूस कोण, त्याच्या मदतीला येणारी सिनियर पोरं कोण, हे मुख्याध्यापकांना तरी माहिती असतं का? आमच्या खेळात तर अंगाला हात लावल्याशिवाय शिकवताच येत नाही, स्टान्स दुरुस्त करायचा, पकड सोडवायला शिकवायची, जमिनीवरचे डाव घ्यायचे. म्हणून तर जास्त काळजी घ्यायची. हात लावायच्या आधी सांगायचं, मुलींच्या बॅचला एक बाई असिस्टंट ठेवायचीच, एकट्या विद्यार्थ्याला थांबवून प्रायव्हेट ट्रेनिंग नाही, रात्री मुलींना व्हॉट्सॲप नाही, सूचना सगळ्या पालकांच्या ग्रुपवर. आणि काही वाईट कानावर आलं तर संस्थेचं नाव खराब होईल म्हणून मिटवामिटवी करणं हा स्वतःच गुन्हा आहे, पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम २१ प्रमाणे शिक्षा. शिस्तीच्या नावाखाली बांबूने पोटऱ्या फोडणारे उस्ताद अजून आहेत, त्यांनी बाल न्याय कायद्याचं कलम ७५ एकदा वाचावं, ताब्यातल्या मुलाला मारहाण केली तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता तो प्रसिद्ध कागद. ॲडमिशनच्या वेळी पालकांची सही घेतात ना, की इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. बऱ्याच क्लासवाल्यांना खरंच वाटतं की हा कागद कपाटात आहे म्हणजे आपण सेफ. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्द असतो हे १९०३ च्या मोहरीबीबीच्या निकालापासून चालत आलंय, आणि बापाने सही केली म्हणून तुमचा निष्काळजीपणा माफ होत नाही. हलगर्जीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जबर दुखापत झाली तर कलम १२५ आहे, तिथे असा कागद पुढे करून कोणी सुटत नाही. खेळात संमतीला किंमत नाही असंही नाही. संहितेच्या कलम २५ मध्ये चक्क तलवारबाजीचंच उदाहरण दिलंय, दोघे गंमत म्हणून एकमेकांशी खेळायचं ठरवतात, डाव खोटा न करता एकाला लागलं तर दुसऱ्याचा गुन्हा नाही. पण हे कलम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे आणि जबर दुखापत करायचा इरादा असेल तर ते लागूच होत नाही. १२ वर्षांखालच्या मुलाची स्वतःची संमती कायदा धरतच नाही, तिथे पालकांची संमती आणि मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती लागते. आणि सद्भावना म्हणजे कायद्याच्या भाषेत योग्य ती काळजी आणि लक्ष. शहाबादी फरशीवर मॅट न टाकता पोरांना थ्रो शिकवणाऱ्याने काळजी घेतली हे कोर्टात कसं सांगणार?

कागद घ्याच, पण त्यावर उपयोगाचं लिहून घ्या. पोराला दमा आहे का, फिट येते का, हृदयाचं काही आहे का, चष्मा आहे का, आधी डोक्याला मार लागलाय का, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा. प्रथमोपचाराची पेटी पाहिजे आणि ती वापरता येणारा माणूस पण पाहिजे. डोक्याला फटका बसून पोरगं गरगरलं, उलटी झाली, एकच प्रश्न परत परत विचारायला लागलं तर त्या दिवशी त्याला परत मॅटवर घ्यायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, घरी फोन करायचा. 'पाणी मार तोंडावर, उठ, मर्द आहेस का कोण' ही आमच्याकडची जुनी पद्धत फार धोक्याची आहे. हेडगार्ड घातलं की मेंदू सेफ हाही गैरसमज, त्याने भुवई फुटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा काही तो थांबवत नाही. अपघात विम्याचा विषय काढला की आमचे लोक हसतात. ग्रुप पॉलिसी काढायची म्हटली तर माणशी फार जात नाहीत, बेल्ट परीक्षेच्या एका फीमध्ये वर्षाचं भागावं.

दहा दिवसांच्या शिबिराकडे येतो. सरकारी शाळांमध्ये राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण म्हणून योजना आहे समग्र शिक्षाखाली, तिथे सुद्धा तीन महिने धरलेत, शाळेला महिन्याला ५,००० रुपये. तीन महिन्यांतही फार काही होत नाही, पण निदान रोजची सवय लागते. दहा दिवसांत तुम्ही मुलीला फक्त खोटा कॉन्फिडन्स देता आणि त्यात कायदा शून्य शिकवता. एकाही शिबिरात मी स्वसंरक्षणाची कलमं समजावून सांगताना ऐकली नाहीत. १ जुलै २०२४ पासून हे सगळं न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आधी आयपीसीच्या ९६ ते १०६ मध्ये होतं. जिवाचा धोका, जबर दुखापतीचा धोका, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असल्या प्रसंगात हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ तुमच्या बाजूने आहे. हल्ला चालू असताना माणसाने मोजूनमापून वार करावेत अशी अपेक्षा सुप्रीम कोर्टही करत नाही, दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात ते आलंय. पण त्याच निकालात हेही आहे की हा हक्क बचावाचा आहे, सूड घ्यायचा नाही. धोका संपला की हक्क संपला. तो पळत सुटला आणि तुम्ही मागे धावून त्याला आडवा केला, किंवा तो खाली पडलाय आणि तुम्ही अजून दोन लाथा घातल्या, की तिथून पुढे आरोपी तुम्ही. दात पडला किंवा हाड मोडलं तर ती जबर दुखापत धरतात, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. आणि मी बचावात मारलं हे दाखवून द्यायची जबाबदारी तुमच्यावर असते, त्यामुळे पळून जाणं, ओरडणं, ११२ लावणं, स्वतःची मेडिकल करून घेणं, आजूबाजूचं सीसीटीव्ही कुठे आहे ते बघून ठेवणं हे सगळं पंचइतकंच शिकवायला पाहिजे. ब्लॅक बेल्टवाल्याचे हात पोलिसात हत्यार म्हणून नोंदवावे लागतात ही पण एक अफवा दरवर्षी एखादं पोरगं घेऊन येतं, तसा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. मात्र तुम्हाला कुठे किती लागेल हे माहीत असताना तुम्ही कुठे मारलं, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

शेवटचा मुद्दा खास आमच्या कोल्हापूरचा. २०२४ मध्ये सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, छान वाटलं, तालमीत पेढे वाटले. आता तोच दांडपट्टा पोराने गाडीला बांधून सरावाला न्यायचा म्हटलं तर काय? शस्त्र नियमांमध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात, म्हणजे दांडपट्टाही त्यात आला. वर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या दिवसांत लागतच असतो, आणि त्यात तलवारी-भाल्यांबरोबर लाठ्याकाठ्या पण असतात. म्हणजे नेमक्या शिवजयंती-दसऱ्याच्या सुमाराला, जेव्हा मर्दानी खेळाची प्रात्यक्षिकं असतात, तेव्हाच सरावाला लाठी घेऊन निघालेलं पोरगं चौकात अडवलं जातं. पोलिसांचं चुकतं असं नाही म्हणत मी, त्यांना कसं कळणार हा खेळाडू आहे का भांडायला निघालाय. सरावाची पाती बोथट ठेवावीत, शस्त्रं तालमीतच कुलपात राहावीत, ने-आण उस्तादाने स्वतः एकत्र करावी, पोरांच्या हाती देऊन नाही, आणि रील बनवायला रस्त्यावर तलवार फिरवणाऱ्याला तालमीतून सरळ बाहेर काढावं, एवढं तर आपण आपलं आपण करू शकतो.

बाकी सरकारचं काम. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रशिक्षकांची एक साधी नोंद सुरू करा, पोलीस व्हेरिफिकेशन, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, विमा आणि बेल्ट कुठल्या संघटनेचा एवढ्या चार गोष्टी, आणि ती यादी कोणालाही बघता येऊ दे. फी नाममात्र ठेवा, नाहीतर गरीब उस्ताद मरतील आणि फ्रँचायझीवाले तेवढे राहतील. आणि नोंद असलेल्या तालमींना प्रात्यक्षिकाच्या दिवसांसाठी शस्त्रांची यादी, तारीख, मार्ग आणि जबाबदार माणसाचं नाव लिहिलेलं एक पत्र पोलीस ठाण्यातून मिळावं, मनाई आदेशातच तशी सवलत लिहिता येते. येत्या दसऱ्याआधी कोल्हापूरच्या प्रशासनाने हे करून बघावं, लागणारी यादी करून द्यायला आम्ही तालमीवाले तयार आहोत.

आपला,
एक कराटे व मर्दानी खेळ प्रशिक्षक, कोल्हापूर