इंग्रजीत 'नाही' म्हणायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. विश्रामबागेतल्या तुमच्या शिकवणीचा उपयोग सांगलीच्या मार्केट यार्डात कसा होतो, ते चार लोकांना कळू दे.

आमचं हळदीचं दुकान. परदेशातले व्यापारी मेलवर भाव पाडून मागतात, वर नव्वद दिवसांची उधारी. त्यांना तोडून बोलायचं नाही आणि हो तर म्हणायचंच नाही! बाजारातल्या पुस्तकांत नुसत्या शब्दांच्या याद्या. तुम्ही कुठल्या शब्दाला कुठला शब्द लागतो, त्या जोड्या शिकवल्यात. 'रिलक्टंट' (मन होत नाही) याच्यापुढं क्रियापद आलं की 'टू' हवाच, 'वुड रादर नॉट' (नकोच वाटतं) याला तो चालत नाही. 'हॅव नो इन्टेन्शन ऑफ' (इरादाच नाही) आलं की क्रियापदाला 'आयएनजी'. 'डिक्लाइन' आणि 'रिफ्यूज' दोन्ही नाकारणंच, पण 'डिक्लाइन'ला 'पोलाइटली' (नम्रपणे) शोभतं, 'रिफ्यूज'ला 'फ्लॅटली' (साफ). आणि 'फ्लॅटली रिफ्यूज' दुसऱ्यानं केलेलं सांगायला वापरायचं, गिऱ्हाइकाला लिहायला नव्हे, हेही बजावलंत.

पण खरी कमाई 'नॉट प्रिपेअर्ड टू'ची. गेल्या हंगामात सॅम्पल बघून एकाचा मेल आला, 'वुई आर नॉट प्रिपेअर्ड टू अ‍ॅक्सेप्ट धिस लॉट.' हळकुंडांच्या पॉलिशवरनं त्याची कुरबुर आधीपासून होतीच. शेठ म्हणाले, "तयारी झाली नसंल त्यांची. थांबू की आठ दिवस." मी म्हटलं, "शेठ, माल घेणार नाही म्हणून ठणकावून सांगितलंय त्यानं. 'अनेबल टू' लिहिलं असतं तर काहीतरी अडचण आहे म्हटलं असतं. इथं मनातच नाही त्याच्या." त्याच दिवशी फोन लावला, माल परत पॉलिशला घातला, नवं सॅम्पल गेलं. सौदा टिकला. शेठ आता प्रत्येक मेल मला वाचायला लावतात, हा त्रास मात्र तुमच्यामुळं!

एक युक्ती माझी, रागावू नका. भाव थोडा सोडायचाच असला तरी मी 'वुई रिलक्टंटली अ‍ॅग्री', म्हणजे मन नसताना कबूल करतो, असं लिहितो. पुढच्या खेपेला गडी परत मागायला जरा कचरतो.

फीचं विचारलं तेव्हा 'आय वुड रादर नॉट' म्हणून हसून मोकळ्या झालात. म्हणून राजापुरी हळद दळून पोराबरोबर पाठवलीय. बाई नको म्हणाल्या तरी ठेवूनच यायचं, असं शेठनी त्याला सांगितलंय.

आपला,
मार्केट यार्डातला विद्यार्थी