सैन्यवाढीचे यश कोणत्या मापाने मोजायचे?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेने २००७ मध्ये इराकमधील हिंसाचार आवरण्यासाठी तिथे केलेली सैन्यवाढ निर्विवादपणे यशस्वी ठरली, असे प्रतिपादन करणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेखकाचा मुख्य पुरावा मृतांच्या घटलेल्या संख्येचा आहे. तो खरा आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. मे २००७ या एका महिन्यात इराकमध्ये १२६ अमेरिकी सैनिक मरण पावले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही संख्या २३ वर आली. नागरिकांच्या मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या ‘इराक बॉडी काउंट’ या प्रकल्पाच्या नोंदींनुसार २००६ मध्ये सुमारे २९ हजार नागरिक मारले गेले, तर २००८ मध्ये सुमारे १० हजार. सैन्यवाढीच्या अनेक विरोधकांनी ही घट मान्य करायला फार वेळ लावला. त्यांची ही टाळाटाळ मला तेव्हाही पटली नव्हती, कारण बगदादच्या रस्त्यांवर रोज सापडणारी प्रेते कमी होणे ही कोणत्याही पक्षाच्या माणसाला दिलासा वाटावा अशीच गोष्ट होती.

माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. घट झाली म्हणजे ती वाढीव फौजेमुळेच झाली, हे लेखकाने गृहीत धरले आहे. अध्यक्ष बुश यांनी १० जानेवारी २००७ रोजी योजना जाहीर केली आणि तिच्यातील पाचही ब्रिगेड (प्रत्येकी काही हजार सैनिकांच्या तुकड्या) जूनच्या मध्यापर्यंत इराकमध्ये पोहोचल्या. पण अनबार प्रांतातील सुन्नी टोळीप्रमुख शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्या पुढाकाराने अल कायदाविरुद्ध उभे राहिले ते सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे घोषणेच्याही आधी. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्र यांनी आपल्या मेहदी सेना या सशस्त्र गटाला शस्त्रे आवरायला सांगितले, त्यामागे करबला येथील रक्तपात आणि शिया गटांमधील अंतर्गत संघर्ष होता. शिवाय फेब्रुवारी २००६ मध्ये समारा येथील शियांच्या पवित्र अस्करी दर्ग्यावर स्फोट झाल्यानंतर बगदादमधील अनेक मिश्र वस्त्या हळूहळू एकाच पंथाच्या होत गेल्या होत्या. जिथे शेजारी आधीच पळून गेला किंवा मारला गेला, तिथे मारायला कोणी उरले नव्हते, हेही त्या शांततेचे एक कारण आहे.

तरीही सैन्यवाढीला काहीच श्रेय नाही, असे मी म्हणणार नाही. इराकमधील अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल पेट्रेयस यांनी सैनिकांना मोठ्या तळांवरून बाहेर काढून वस्त्यांमधल्या लहान चौक्यांत इराकी सैनिकांबरोबर राहायला लावले. हा बदल मोलाचा होता आणि त्याच्या पाठबळाशिवाय अनबारमधील उठाव बगदादपर्यंत पोहोचला असता का, याबद्दल मला शंका आहे.

मात्र योजना आखणाऱ्यांनी स्वतःच यशाची जी कसोटी ठरवली होती, तिचा लेखात उल्लेखच नाही. इराकी नेत्यांना आपसांत समझोता करण्यासाठी उसंत मिळावी, हा सैन्यवाढीचा जाहीर हेतू होता. बुश यांच्या त्याच भाषणात नोव्हेंबर २००७ पर्यंत सर्व प्रांतांची सुरक्षा इराकी सरकारकडे जाईल, तेलाच्या उत्पन्नाच्या वाटपाचा कायदा होईल आणि त्याच वर्षी प्रांतिक निवडणुका होतील, असे सांगितले होते. निवडणुका जानेवारी २००९ मध्ये झाल्या. तेलाचा कायदा २०११ अखेर अमेरिकी फौजा परतल्या तेव्हाही झालेला नव्हता. अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने सप्टेंबर २००७ मध्ये इराकी सरकारसाठी ठरलेल्या १८ उद्दिष्टांपैकी ३ पूर्ण, ४ अंशतः पूर्ण आणि ११ अपूर्ण असल्याचा अहवाल दिला होता. पुढच्या वर्षी काही कायदे संमत झाले हे खरे, पण ते कागदावरून जमिनीवर किती उतरले, हे ‘सन्स ऑफ इराक’ या स्थानिक रक्षकदलाच्या वाट्याला जे आले त्यावरून कळते.

सुमारे एक लाखाच्या घरात गेलेले हे बहुतांशी सुन्नी तरुण महिन्याला साधारण ३०० डॉलर घेऊन आपापल्या वस्तीच्या नाक्यावर पहारा देत होते आणि ते पैसे अमेरिका देत होती. ऑक्टोबर २००८ पासून त्यांची जबाबदारी पंतप्रधान मलिकी यांच्या सरकारकडे जाऊ लागली. त्यांच्यापैकी पाचव्या हिश्श्याला सैन्यात व पोलिसांत आणि बाकीच्यांना इतर रोजगारात सामावून घ्यायचे ठरले होते. प्रत्यक्षात पगार रखडले, हजारो जण नोकरीची वाट पाहत राहिले. मार्च २००९ मध्ये मध्य बगदादच्या फधिल वस्तीतील त्यांच्या एका म्होरक्याला सरकारने अटक केली, तेव्हा त्याच्या माणसांची इराकी सैन्याशीच चकमक झडली. ज्यांनी जिवावर उदार होऊन अल कायदाला हुसकावले, त्यांना राज्यात जागा मिळाली नाही. समझोता झाला की नाही, हे याहून स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना मला माहीत नाही.

जून २०१४ मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले, त्याचा दोष लेखक ओबामा यांनी फौजा मागे घेण्याला देतात. फौजा डिसेंबर २०११ पर्यंत परतायच्या, ही मुदत बुश सरकारनेच नोव्हेंबर २००८ च्या करारात मान्य केली होती. तेव्हा सैन्यवाढ ऐन यशाच्या शिखरावर असल्याचे सांगितले जात होते.

आपल्या अंकात लेखासोबत मृतांच्या आकड्यांचा आलेख छापला आहे. पुढील अंकात त्याच्या शेजारी त्या १८ उद्दिष्टांची यादी आणि प्रत्येकापुढे २००७, २००९ व २०११ मधील स्थिती छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक